घरबसल्या दुभाषा: मिनिटाचा दर आणि हातात उरणारा पैसा

‘मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी किंवा उर्दूच्या जोडीला इंग्रजी येतं? घरी बसून तासाला सहाशे रुपये कमवा.’ अशा अर्थाच्या जाहिराती सोलापुरातल्या तरुणांच्या मोबाइलवर हल्ली वरचेवर येतात. सगळ्याच खोट्या नसतात. अमेरिकेतल्या एखाद्या दवाखान्यात मुलाकडे राहायला गेलेली आई डॉक्टरसमोर बसलेली असते, तिला इंग्रजी येत नाही, डॉक्टर फोनवर दुभाषा मागवतो आणि तो फोन अशोक चौकाजवळच्या एखाद्या खोलीत उचलला जाऊ शकतो. या धंद्यात तसं नवं काही नाही. ऑस्ट्रेलियात फोनवरची सरकारी दुभाषी सेवा १९७३ साली सुरू झाली, अमेरिकेत १९८२ पासून खासगी कंपन्या उभ्या राहिल्या. करोनाच्या काळात व्हिडिओची भर पडली आणि दुभाषा कुठल्या गावात बसलाय याला महत्त्व उरलं नाही. स्वस्तात बसणारा हवा, एवढंच महत्त्वाचं राहिलं.

गोम आहे ती हिशेबात. कंपनी पैसे देते बोलण्याच्या मिनिटांचे. हेडसेट लावून फोनची वाट पाहण्याचे नाहीत. समजा, दर मिनिटाला १२ सेंट आहे. डॉलर ८५ रुपये धरला तर मिनिटाचे १० रुपये २० पैसे आणि साठ मिनिटांचे ६१२ रुपये. जाहिरातीतले सहाशे इथून येतात. आता आठ तासांची पाळी घ्या. हिंदीचे कॉल भरपूर आले आणि साठ टक्के वेळ बोलण्यात गेला तर २८८ मिनिटं भरतात, म्हणजे २,९३८ रुपये, तासाला ३६७. तेलुगूत चाळीस टक्के वेळ बोलणं झालं तर १९२ मिनिटं, १,९५८ रुपये, तासाला २४५. मराठीचे कॉल दहा टक्केच वेळ आले तर ४८ मिनिटं, ४९० रुपये. तासाला ६१ रुपये! दर तिघांनाही तोच.

हजार विड्यांवर मजुरी मोजणाऱ्या शहराला हे जास्त समजावायला नको. पान भिजवण्यात, कापण्यात गेलेला वेळ मजुरीत दिसत नाही. दिसतात त्या पास झालेल्या विड्या. तेव्हा भरतीच्या मुलाखतीत मिनिटाचा दर ऐकून होकार देऊ नका. पहिला प्रश्न असा विचारा: ‘माझ्या भाषेत, माझ्या पाळीत, तासाला सरासरी किती मिनिटं बोलणं होतं?’ आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर तो कमी आहे असं समजून चाला.

कोणत्या भाषेला किती काम

भारतात बसलेल्या दुभाष्यांना साधारण ८ ते २० सेंटांच्या पट्ट्यातले दर सांगितले जातात. तेच काम अमेरिकेत बसून करणाऱ्याला कितीतरी जास्त मिळतं, याची जाणीव ठेवून घासाघीस करा. निदान अनुभव सांगून एक-दोन सेंट वाढवून मागायला लाजू नका.

अमेरिकेतल्या कामाचा मोठा हिस्सा आरोग्याचा आहे, कारण तिथे कायदा मागे उभा आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातलं १५५७ वं कलम यांमुळे सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी भाषेची सोय मोफत करावी लागते. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा अध्यक्षीय आदेश निघाला आणि सरकारी कार्यालयांना भाषासाहाय्य द्यायला लावणारा २००० सालचा आदेश रद्द झाला. म्हणजे सरकारी कचेऱ्यांचे कॉल कमी होऊ शकतात. रुग्णालयांवरचं कायद्याचं बंधन त्या आदेशाने गेलेलं नाही.

सोलापूरच्या भाषांमध्ये हिंदी आणि उर्दूला सगळ्यांत जास्त कॉल. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलामुलींनी इंग्रजी पक्की केली असेल तर त्यांचा इथे चांगला जम बसू शकतो, कारण इंग्लंड, अमेरिका, कॅनडा तिन्हीकडे उर्दू बोलणारी जुनी वस्ती आहे. तेलुगूची गोष्ट मजेदार आहे. २०१० ते २०१७ या काळात अमेरिकेत तेलुगू बोलणारे ८६ टक्क्यांनी वाढले, असा तिथल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष बराच गाजला होता. पण वाढ झाली ती संगणक अभियंत्यांची, आणि त्यांना दुभाषा लागत नाही. कॉल येतो तो त्यांच्याकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांचा. मराठी आणि कन्नडचंही तेच, फक्त माणसं आणखी कमी. एकट्या मराठीवर आठ तास लॉगइन करून बसणं परवडणारं नाही. मराठी ही दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून नोंदवा. दोन भाषांचे कॉल एकाच पाळीत मिळतील का, हे आधी ठरवून घ्या.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक मुलांसाठी आणखी एक गोष्ट. घरात बोलली जाणारी आपली तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या शेजारी वाढलेली आहे. विजयवाड्याच्या आजोबांना ती कळेलच असं नाही आणि त्यांची आपल्याला. चाचणीला बसण्याआधी दोन-तीन महिने आंध्र आणि तेलंगणातल्या बातम्या, डॉक्टरांच्या मुलाखती रोज ऐका. अक्कलकोटच्या कन्नडभाषकांनाही हेच लागू. या तयारीचे पैसे कोणी देत नाही, पण चाचणीत नापास झालेल्याला पुन्हा बसू देण्याआधी काही कंपन्या महिनोन्‌महिने थांबवतात.

देशातल्या कामाकडे आपल्याकडे कोणी बघत नाही, हे मला चुकीचं वाटतं. साबण, चहा, स्कूटर विकणाऱ्या कंपन्यांसाठी बाजार संशोधन करणाऱ्या संस्था मराठी ग्राहकांच्या गटचर्चा घेतात आणि मुंबई-दिल्लीतला अधिकारी त्या इंग्रजीत ऐकतो. चर्चा चालू असतानाच भाषांतर करणारा दुभाषा त्यांना लागतो. हे काम आता बरंचसं व्हिडिओवर होतं आणि पैसे सत्रावर मिळतात. दोन तासांच्या सत्राचे पैसे ठरले की चर्चेत माणसं गप्प बसली तरी ते मिळतात. काम रोज नसतं, हा त्याचा तोटा. पण मराठीला खरी किंमत मिळण्याची जागा हीच आहे.

खोली आधी, लॉपटॉप नंतर

सोलापुरात या कामाचा पहिला शत्रू आवाज. यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्याला तो ऐकूही येत नाही, इतका अंगवळणी पडलेला असतो. अमेरिकेतल्या नर्सला मात्र पहिल्या सेकंदाला ऐकू येतो. चांगल्या हेडसेटचा माइक सततचा आवाज बराचसा गाळतो, पण मागाची धडधड भिंतीतून आणि जमिनीतून येते, आणि तुमच्या कानाला समोरच्याचं बोलणं नीट ऐकू यावं लागतं ते वेगळंच. जाड सोलापुरी चादरी मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर टांगल्या तर खोलीतला घुम चांगला कमी होतो. फोमच्या तक्त्यांवर हजारो रुपये घालवण्याआधी हे करून पाहा. शेजारच्या मागाचा आवाज चादरीने थांबत नाही. त्याला दुसरी खोली किंवा दुसरी वेळ हाच इलाज. दाराच्या फटीला रबरी पट्टी लावा, काही शे रुपयांत काम होतं.

उन्हाळा ही दुसरी अडचण. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना कूलरसमोर बसून हे काम होत नाही, त्याचा घरघराट माइकमध्ये जातो. छताचा पंखा मंद ठेवून चालतं, पण बंद खोलीत दुपारी तेही कठीण. एसी घ्यायचा तर पस्तीस-चाळीस हजार आणि वर विजेचं बिल. म्हणून सोलापुरात उन्हाळ्यात रात्रीची पाळी घेणं शहाणपणाचं. काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याचंही वेळापत्रक पाळी ठरवताना समोर असू द्या. घरातलं पाणी भरणारं माणूस तुम्हीच असाल, तर ऐन कॉलमध्ये नळ येणार हे गृहीत धरा. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, गणपती, मिरवणुका हे दिवस तर आधीच सुट्टीचे म्हणून कळवून टाकावेत.

आता सामान. लॉपटॉप आठ जीबी रॅमचा असला तरी पुरतो. नवा साधारण ४५,०००. हेडसेट यूएसबी वायरचा, दोन्ही कानांचा, ५,००० च्या आसपास. ब्लूटूथ नको, आवाज मागेपुढे होतो आणि बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. बऱ्याच कंपन्या तर वायरशिवाय चालवूनच घेत नाहीत. इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून २२,०००. राउटरसाठी छोटा यूपीएस १,५००, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होण्याच्या त्या क्षणात राउटर बंद पडला की कॉल तुटतो. लॅन केबल, पट्ट्या वगैरे १,५००. एकूण ७५,०००. खुर्ची यात धरलेली नाही, पण आठ तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहा म्हणजे ती पुढच्या महिन्यात यादीत येईल.

इंटरनेटच्या वेगावर पैसे उधळू नका. आवाजाच्या कॉलला सेकंदाला शंभर-दीडशे किलोबिटसुद्धा पुरतात, व्हिडिओला दोन-तीन मेगाबिट. शंभर मेगाबिटचं कनेक्शन घेऊन वायफायवर दोन भिंतींपलीकडे बसण्यापेक्षा साधं फायबर घेऊन केबल थेट लॉपटॉपला जोडणं चांगलं. फायबर आणि अडचणीसाठी दुसऱ्या कंपनीचं मोबाइल डेटा कार्ड, दोन्ही मिळून महिना बाराशे रुपये धरा.

रात्र कोणाची

इंग्लंडमधल्या सकाळी नऊला आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच वाजतात. घर सांभाळून काम करणाऱ्यांना ही सगळ्यांत माणसासारखी पाळी. न्यूयॉर्कचे सकाळी नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं तासाने सरकतात आणि तुमची पाळीही. ऑस्ट्रेलियाला पहाटे साडेचारला उठून बसावं लागतं, त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीनला.

अमेरिकेची पूर्ण दिवसाची पाळी घेतली तर झोप पहाटे तीन-चारनंतर. त्या झोपेला शांत खोली आणि घरच्यांची समजूत दोन्ही लागतं. नोकरी कंपनीची असेल तर रात्रपाळीचा भत्ता वेगळा मागता येतो. मिनिटावर काम करणाऱ्याला तो सहसा नसतो. रात्रीचा दर दिवसापेक्षा जास्त आहे का, एवढं तरी विचारा. ‘आमच्यासाठी तो दिवसच आहे,’ असं उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

करारातल्या ओळी

करार इंग्रजीत आणि लांबलचक असतो. मुलं खाली सही करून मोकळी होतात. सही करण्याआधी निदान पुढच्या गोष्टी शोधा.

मिनिट कसं मोजतात? सुरू झालेलं प्रत्येक मिनिट पूर्ण धरतात की सेकंदांवर? पन्नास सेकंदांत तुटलेल्या कॉलचे पैसे मिळतात का? रुग्णालयाने होल्डवर ठेवलेला वेळ धरतात का? अमेरिकी रुग्णालयात होल्डचं संगीत ऐकण्यात दहा-दहा मिनिटं जातात, आणि ती तुमच्या आयुष्यातलीच मिनिटं असतात. महिन्याला किमान मिनिटांची हमी आहे का? हमी देणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत, पण दर एक सेंट कमी असला तरी हमीवालीच परवडते. कॉल चुकला तर दंड किती? तीन कॉल चुकले की दर्जा घसरतो आणि मग कॉलच कमी येतात, अशी पद्धत काही ठिकाणी असते. ती लेखी आहे का ते बघा. पैसे महिना संपल्यावर तीस दिवसांनी की पंचेचाळीस? म्हणजे जूनचं काम, पैसे ऑगस्टच्या मध्यावर. पहिले दोन-अडीच महिने खिशातून काढावे लागतील, त्याची तजवीज आधी करा.

नुकसानभरपाईचं कलम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. तुमच्या चुकीमुळे दावा झाला तर ‘सर्व’ नुकसान तुम्ही भरून द्याल असं लिहिलेलं असेल, तर त्याला मर्यादा घालून मागा: शेवटच्या तीन महिन्यांच्या मोबदल्याइतकी, असं काहीतरी. कंपनी मान्य करेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि एक नवं कलम गेल्या काही वर्षांत घुसलंय: कॉल रेकॉर्ड होतील आणि ते यंत्राला भाषांतर शिकवायला वापरता येतील. हे मान्य करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मान्य करायचं तर वेगळा मोबदला मागावा, असं माझं मत. आपल्या आवाजावर शिकलेलं यंत्र पुढे आपलाच दर पाडणार असेल तर निदान शिकवणी फुकट का द्यायची?

गुप्ततेची अट सगळीकडे असते आणि ती गंभीरपणे घ्या. अमेरिकेत रुग्णाची माहिती १९९६ च्या कायद्याने संरक्षित आहे. दार बंद, कानाला हेडसेट, वहीतली टिपणं कॉल संपताच फाडलेली. कॉलमध्ये काय झालं ते जेवताना घरी सांगणं हासुद्धा करारभंग ठरतो.

मिनिटावर काम म्हणजे नोकरी नाही: भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही, पगारी रजा नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना कायद्यात जागा दिली आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, करून ठेवा. परदेशी कंपनीकडून या संहितेमुळे लगेच काही पदरात पडेल अशी आशा मात्र धरू नका.

महिनाअखेरचा हिशेब

मघाचंच तेलुगूचं उदाहरण पुढे नेऊ. रोज १९२ मिनिटं, महिन्याला २४ दिवस, १२ सेंट. जमा होतात सुमारे ४७,००० रुपये. पैसे भारतात आणण्याचं शुल्क आणि डॉलर बदलताना जाणारा फरक मिळून चार टक्के धरू, १,८८०. इंटरनेट १,२००. सामानाचे ७५,००० तीन वर्षांत वाटले तर महिना २,०८३. वाढीव वीज ६००. महाराष्ट्राचा व्यवसाय कर स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे महिना २०८. ईएसआय नाही म्हणून आरोग्य विम्याचे १,०००. उरतात जेमतेम ४०,०००. काम झालं १९२ तास. तासाला २०८ रुपये.

सोलापुरात घरी राहून २०८ वाईट नाहीत. पुण्यात खोलीभाडं आणि खानावळ भरून मिळणाऱ्या पगाराशी तुलना केली तर उलट बरेच. पण तुलना २०८ शी करा, ६१२ शी नको. कोणी भारतीय कंपनी महिना २८,००० पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा देत असेल आणि तुमची भाषा मराठी किंवा कन्नड असेल, तर पगारच घ्या. फोन न येण्याचा तोटा मग कंपनीचा, तुमचा नाही.

पैसे आणण्याच्या वाटा वेगवेगळ्या महाग आहेत. एका वाटेवर दोन टक्के जातात, दुसरीवर सात. शुल्क कमी सांगून डॉलरचा भाव पाडून देणारेही असतात. त्यामुळे शंभर डॉलरचे प्रत्यक्ष खात्यात किती रुपये आले, एवढंच पाहा. दर वेळी परकीय रक्कम आल्याचं प्रमाणपत्र डाउनलोड करून ठेवा, कर भरताना तेच लागतं. अमेरिकी कंपनी ‘डब्ल्यू-८बेन’ नावाचा फॉर्म भरून मागते. घाबरू नका, भारतात बसून केलेल्या कामावर तिथे कर कापला जाऊ नये म्हणून तो असतो.

इथला आयकर मात्र भरावा लागतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो, पण विवरणपत्र भरायचंच. ‘निम्मंच उत्पन्न दाखवा, बाकी माफ,’ असा सल्ला या क्षेत्रात सर्रास फिरतो. ती अंदाजी करआकारणीची सवलत डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यवसायांची आहे आणि त्या यादीत दुभाषा नावाने नाही. सीएला लेखी विचारल्याशिवाय ती घेऊ नका. जीएसटीची नोंदणी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

देशातल्या कंपनीने पैसे अडकवले तर एक हत्यार हाताशी असू द्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. काम घेण्याआधी ती केलेली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याखाली ग्राहक कंपनीला पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. निव्वळ या कायद्याचा उल्लेख ईमेलमध्ये केल्यावर अडकलेली बिलं सुटल्याचं ऐकलंय. परदेशी कंपनीवर याचा उपयोग नाही; तिथे पहिल्या महिन्यात थोडंच काम करा, पैसे आले की पुढे.

पैसे घेऊन नोकरी देणारे

खरी कंपनी दुभाष्याकडून नोंदणी शुल्क, चाचणी शुल्क, ‘परत मिळणारी’ अनामत घेत नाही. मागितली की विषय संपला. फसलाच असाल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

कोर्सचा प्रकार थोडा अवघड, कारण त्यात खरंखोटं मिसळलेलं आहे. अमेरिकेत वैद्यकीय दुभाष्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या दोन मुख्य संस्था आहेत आणि दोन्हींच्या परीक्षेला बसायला चाळीस तासांचं प्रशिक्षण लागतं. म्हणून चाळीस तासांचा कोर्स ही खरी गोष्ट. पण त्यांची भाषेची तोंडी परीक्षा स्पॅनिश, अरबी, मँडरीन, रशियन, कोरियन अशा मोजक्याच भाषांत होते. मराठीत नाही, तेलुगूत नाही, कन्नडमध्ये नाही, हिंदीतही नाही. या भाषांच्या दुभाष्याला इंग्रजीत घेतल्या जाणाऱ्या परीक्षा तेवढ्या देता येतात. तेव्हा ‘अमेरिकामान्य मराठी मेडिकल इंटरप्रिटर सर्टिफिकेट’ विकणारा कोणी भेटला तर त्याला फक्त परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नाव विचारा. शिवाय अनेक कंपन्या निवड झाल्यावर स्वतःच प्रशिक्षण देतात. आधी अर्ज करा, मग कोर्सचं बघा. कोर्सवाल्याने कबूल केलेलं दिलं नाही तर ग्राहक म्हणून तुमचा हक्क आहे: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग, जिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.

कान आणि डोकं

याची किंमत कुठल्याच करारात लिहिलेली नसते. जुन्या फोन लाइनवरून माणसाच्या आवाजातल्या साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच लहरी येतात. सभागृहात बसणाऱ्या दुभाष्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १२५ ते १५,००० हर्ट्‌झ लागतात. गळालेलं सगळं तुमचा मेंदू भरून काढतो आणि म्हणून फोनवरचा तास समोरासमोरच्या तासापेक्षा जास्त थकवतो. आवाज वाढवून ऐकायची सवय लागते ती इथूनच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तासच सुरक्षित आहे. कॅनडाच्या संसदेतल्या दुभाष्यांना ऑनलाइन बैठकींच्या खराब आवाजामुळे कानाच्या दुखापती झाल्या आणि २०२३ मध्ये तिथल्या कामगार खात्याला त्यात हस्तक्षेप करावा लागला. युरोपीय संसदेच्या दुभाष्यांनी २०२२ साली त्याच कारणाने ऑनलाइन भाषणांचं भाषांतर थांबवलं होतं. त्यांच्यामागे संघटना होत्या. घरी एकट्याने बसणाऱ्याने निदान अचानक मोठा होणारा आवाज रोखणारा हेडसेट घ्यावा आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी करावी.

बोलणं चालू असतानाच भाषांतर करायचं असेल तर दोन माणसं लागतात आणि दर अर्ध्या तासाने पाळी बदलते, ही जगभरची रीत. गटचर्चेचं काम देणारे ‘एकटेच करा ना, दोनच तास आहेत,’ म्हणतात. करायचंच असेल तर दर दीडपट आणि मध्ये विश्रांती, हे आधी ठरवा.

आणि ऐकलेलं डोक्यात राहतं. दुभाषा ‘त्यांना दुखतंय’ असं म्हणत नाही, ‘मला दुखतंय’ असंच म्हणतो. नियमच आहे तसा. कर्करोगाचं निदान, गर्भपात, नवऱ्याची मारहाण, हे सगळं रात्री दोन वाजता प्रथम पुरुषात बोलायचं आणि तीस सेकंदांत पुढचा कॉल घ्यायचा. कठीण कॉलनंतर दहा मिनिटं लॉगआउट करण्याची मुभा आहे का, त्याने दर्जा घसरतो का, हा प्रश्न मी दराच्या प्रश्नाइतकाच वर ठेवीन.

दुभाषा घ्यायचा असेल तर

शेवटी, टेबलाच्या पलीकडच्यांसाठी थोडं. टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखानदाराला स्पॅनिश किंवा अरबी खरेदीदाराशी बोलायचं असेल तर माणूस मुंबई-पुण्याहून बोलवण्याची आता गरज नाही. प्रवास, हॉटेल वाचतं. भाषेनुसार दिवसाचे आठ-दहा हजार आणि वर, अर्ध्या दिवसाचे त्याच्या साठ-सत्तर टक्के, असा अंदाज धरून बोलणी सुरू करा. ऑनलाइन कामालाही एक-दोन तासांचं किमान शुल्क असतं. वीस मिनिटांच्या कॉलला ते द्यायला कुरकुर करू नका, त्या माणसाने तुमच्यासाठी अर्धी सकाळ मोकळी ठेवलेली असते.

सोलापूरच्या डॉक्टरांकडे विजयपूर, कलबुर्गीकडून पेशंट येतात आणि दुभाष्याचं काम वॉर्डबॉय किंवा पेशंटचा मुलगा करतो. रोजच्या तपासणीला ते चालतं. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही घेताना चालू नये, कारण मुलगा नेमकं वाईट तेच गाळतो. तेवढ्या पंधरा मिनिटांसाठी बाहेरचा दुभाषा फोनवर घेणं औषधांच्या बिलापुढे काहीच नाही. कर्णबधिर पेशंटसाठी व्हिडिओवर सांकेतिक भाषेचा दुभाषा लागतो. अशी माणसं कमी आहेत, वेळ आधी घ्यावी लागते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमातून शिकलेला आहे का, हे विचारून घ्या.

कामाच्या आदल्या दिवशी दुभाष्याला विषय, उत्पादनांची नावं, आकड्यांचा तक्ता आणि बोलणाऱ्यांची नावं पाठवा. मोबाइल स्पीकरवर टाकून तिघांनी एकदम बोलू नका. कारखान्यात असाल तर माग चालू असलेल्या शेडमधून नव्हे, ऑफिसात बसून बोला. आणि पैसे त्याच आठवड्यात चुकते करा.